क्षार आणि विद्युतभारित बहुवारिके : सातारा-सांगली परिसरातील जमीन, साखर व पाणी यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

१९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने वेगळा झालेला आणि १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाणारा जिल्हा व मूळ सातारा जिल्हा यांना कृष्णा नदीने एकत्र बांधून ठेवले आहे. कराडजवळील खोडशी येथील बंधाऱ्यावरून निघणारा कृष्णा कालवा हा दख्खनमधील इंग्रजी अमदानीतील आरंभीच्या सिंचनकामांपैकी एक होय. पुढे कोयना धरण, सहकारी उपसा सिंचन योजना आणि सहकारी साखर कारखाने यांमुळे नदीकाठचा पट्टा उसाचा झाला. याच दोन जिल्ह्यांच्या पूर्व भागात मात्र माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हे तालुके अवर्षणाशी झुंजत आले आहेत.

या परिसरात तीन ठिकाणी तीन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील काही शिवारांत अतिसिंचनाने जमीन क्षारपड व चोपण झाली. ती धुऊन काढताना काही वेळा सुधारण्याऐवजी अधिकच बिघडते. साखर कारखान्यात रस निवळण्यासाठी वापरले जाणारे पॉलिमर एके दिवशी उत्तम काम करते, तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच मात्रेत निष्प्रभ ठरते. कोरडवाहू भागात शेकडो पट पाणी धरून ठेवण्याची ख्याती असलेले हायड्रोजेल एखाद्या विहिरीच्या पाण्यात जेमतेम फुगते. शेती अधिकारी, कारखान्याचे केमिस्ट आणि बागायतदार या तिन्ही प्रश्नांकडे स्वतंत्रपणे पाहतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच बाब आहे : विद्युतभार वाहणाऱ्या महाकाय रेणूंचे पाण्यातील वर्तन क्षारामुळे बदलते. प्रस्तुत लेखात या बदलाची कारणमीमांसा करून तिचा स्थानिक संदर्भ स्पष्ट केला आहे.

भारित साखळीचे स्वरूप

एकाच प्रकारचे लहान घटक शेकड्यांनी वा हजारोंनी सहसंयुज बंधांनी जोडले जाऊन बनणाऱ्या लांब रेणूस बहुवारिक म्हणतात. अशा लांब साखळ्या खरोखरच अस्तित्वात असतात, हे मत जर्मन शास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले, तेव्हा त्यास बराच विरोध झाला. १९५३ साली याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साधे, भारविरहित बहुवारिक द्रावणात सैल गुंडाळीसारखे राहते. औष्णिक गतीमुळे ते सतत वळणे बदलत असते. पण त्याचा सरासरी आकार साखळीच्या पूर्ण लांबीच्या मानाने फार लहान असतो.

ज्या साखळीच्या घटकांवर पाण्यात आयनीभवन होणारे गट असतात, तिची गोष्ट निराळी आहे. सोडियम पॉलिअक्रिलेट हे त्याचे सोपे उदाहरण. या साखळीत दर दुसऱ्या कार्बन अणूला एक कार्बोक्सिलेट गट जोडलेला असतो. म्हणजे साखळीच्या दिशेने मोजल्यास सुमारे ०.२५ नॅनोमीटर अंतरावर एक ऋणभार येतो. कोरड्या स्थितीत प्रत्येक ऋणभारासोबत एक सोडियम आयन असतो. पाण्यात टाकताच यांपैकी काही सोडियम आयन साखळीपासून दूर जातात आणि मागे उरलेले ऋणभार एकमेकांना दूर लोटू लागतात. परिणामी गुंडाळी उलगडते व साखळी ताणली जाते. ताणलेली साखळी पुष्कळ मोठी जागा व्यापते, म्हणून अत्यल्प मात्रेतही द्रावण घट्ट होते.

या घट्टपणाचे, म्हणजेच श्यानतेचे, एक विलक्षण लक्षण आहे. साधे बहुवारिक द्रावण विरळ करीत गेल्यास एकक संहतीमागे मोजलेली श्यानता हळूहळू कमी होऊन एका ठराविक मूल्याकडे जाते. भारित बहुवारिकात ती विरलनाबरोबर उलट वाढते. रेमंड फ्यूऑस व उल्रिच स्ट्रॉस यांनी १९४८ च्या सुमारास पॉलिव्हिनिलपिरिडिनपासून बनविलेल्या भारित बहुवारिकावर मोजमापे करून हे वर्तन स्पष्टपणे दाखविले. त्याच द्रावणात साधा क्षार मिसळला की ही वाढ नाहीशी होते व द्रावण सामान्य बहुवारिकासारखे वागू लागते. विरलनाने असे का घडावे? साखळीपासून सुटलेले आयन स्वतःच क्षाराचे काम करीत असतात. द्रावण विरळ केले की त्यांची संहतीही घटते आणि साखळीवरील भारांना एकमेकांचा धाक अधिक जाणवतो. साखळ्या-साखळ्यांमधील परस्पर प्रतिकर्षणाचाही यात वाटा असतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. केवळ एकेका साखळीच्या ताणण्याने सर्व मोजमापांचा उलगडा होत नाही.

क्षाराचा पडदा

क्षार मिसळल्याने साखळीवरील भार नष्ट होत नाहीत, ते झाकले जातात. ऋणभाराभोवती धन आयनांची गर्दी किंचित अधिक व ऋण आयनांची किंचित कमी होते. या ढगामुळे त्या भाराचा प्रभाव काही अंतरापलीकडे पोचत नाही. पीटर डिबाय व एरिख ह्यूकेल यांच्या १९२३ च्या सिद्धान्तावरून हे अंतर काढता येते. साधारण तापमानाच्या पाण्यात एकसंयुजी क्षाराची संहती लिटरमागे ०.००१ मोल असता ते सुमारे १० नॅनोमीटर असते, ०.०१ मोल असता ३, आणि ०.१ मोल असता जेमतेम १ नॅनोमीटर. समुद्राच्या पाण्यात ते अर्ध्या नॅनोमीटरपेक्षाही कमी भरते. संहती शंभरपट वाढली की अंतर दहापट घटते, हे येथील सूत्र आहे.

पॉलिअक्रिलेटच्या साखळीवर हे अंतर ताडून पाहिल्यास अर्थ ध्यानात येतो. १० नॅनोमीटरच्या पल्ल्यात साखळीचे सुमारे ४० भार येतात. १ नॅनोमीटरच्या पल्ल्यात केवळ ४. ज्या भारास दोन्ही बाजूंचे चाळीस-चाळीस शेजारी ढकलत होते, त्यास आता चार-चारच जाणवतात. साखळीचा ताठरपणा त्यामुळे कमी होतो, ती पुन्हा गुंडाळली जाते, व्यापलेली जागा आकुंचन पावते आणि श्यानता कोसळते.

तथापि सर्वच आयन मोकळे फिरत असतात असे मानणे चुकीचे ठरेल. दोन एकक भारांमधील आकर्षण औष्णिक ऊर्जेइतके होते ते अंतर पाण्यात सुमारे ०.७ नॅनोमीटर आहे. साखळीवरील भार यापेक्षा जवळजवळ असतील, तर काही प्रतिआयनांना साखळी सोडून जाणे परवडत नाही. ते तिच्यालगत, बंध न जोडताही, अडकून राहतात. जेराल्ड मॅनिंग यांनी १९६९ साली मांडलेल्या या कल्पनेस प्रतिआयन-संघनन असे म्हणता येईल. पूर्ण आयनीभूत पॉलिअक्रिलेटच्या बाबतीत या हिशेबाने शंभरांपैकी सुमारे ६५ सोडियम आयन साखळीजवळच राहतात आणि ३५ च्या आसपास खरोखर मोकळे होतात.

सोडियमच्या जागी कॅल्शियम आल्यास चित्र आणखी बदलते. दोन भारांचा एक कॅल्शियम आयन साखळीजवळ आला की दोन सोडियम आयन द्रावणात मोकळे होतात. मोकळ्या कणांची संख्या वाढणे निसर्गाला अनुकूल असल्याने ही अदलाबदल सहज घडते. शिवाय कॅल्शियम एकाच वेळी दोन कार्बोक्सिलेट गटांना धरू शकतो. ते गट एकाच साखळीवरचे असतील तर साखळी दुमडते. दोन साखळ्यांवरचे असतील तर त्यांच्यात गाठ पडते आणि पुरेशा गाठी पडल्या की बहुवारिक द्रावणातून बाहेर पडते. म्हणून एक चमचा मीठ आणि एक चमचा कॅल्शियम क्लोराइड यांची या बाबतीत तुलनाच होऊ शकत नाही. कलिल कणांसंबंधीचा जुना शुल्झ-हार्डी नियम हेच सांगतो : आयनाची संयुजा वाढली की कण साकळविण्याची त्याची शक्ती अनेक पटींनी वाढते. सैद्धान्तिकदृष्ट्या एकसंयुजीपेक्षा द्विसंयुजी आयन ६४ पट प्रभावी ठरू शकतो.

कृष्णाकाठची काळी माती

चिकणमातीचा कण म्हणजे बहुवारिकाची साखळी नव्हे, ही शंका रास्त आहे. परंतु सिलिका व ॲल्युमिना यांच्या घटकांची दोन दिशांत विणलेली चादर, असे मातीच्या खनिजाचे स्वरूप पाहिल्यास त्यास द्विमितीय, असेंद्रिय बहुवारिक म्हणणे अवास्तव होणार नाही. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाचे खनिज विपुल असते. त्याची एकेक चादर सुमारे १ नॅनोमीटर जाड असून स्फटिकातील अणूंच्या अदलाबदलीमुळे तिच्यावर कायमचा ऋणभार असतो. हा भार सांभाळण्यासाठी चादरींच्या पृष्ठावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम हे आयन राहतात व पाण्यातील आयनांशी त्यांची देवघेव चालते. पॉलिअक्रिलेटच्या साखळीसंबंधी वर सांगितलेले नियम या चादरीलाही लागू पडतात.

कॅल्शियम असता चादरी एकावर एक रचल्या जाऊन त्यांच्या थप्प्या बनतात, थप्प्यांचे कण व कणांचे रवाळ ढेकूळ बनते. अशा मातीत छिद्रे टिकतात. पाणी मुरते, मुळांना हवा मिळते. सोडियमचे प्रमाण वाढले की चादरींभोवतीचा आयनांचा ढग पसरट होतो, चादरी एकमेकींपासून दूर सरतात व पाण्यात सुट्या होतात. सुटे झालेले सूक्ष्म कण छिद्रांत जाऊन बसतात. जमीन ओली असता लोण्यासारखी चिकट व वाळली की दगडासारखी कठीण होते, पाणी वरच साचून राहते. हीच चोपण जमीन.

येथे क्षारयुक्त व चोपण या दोन प्रकारांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बोलीभाषेत दोन्हींना सरसकट क्षारपड म्हटले जाते. १९५४ साली अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने ठरविलेली वर्गवारी आजही प्रमाण मानतात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसिमेन प्रति मीटरपेक्षा अधिक, परंतु विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी व सामू ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. वाहकता कमी, परंतु सोडियम १५ टक्क्यांहून अधिक व सामू साधारणतः ८.५ च्या वर असेल तर चोपण. आणि वाहकता व सोडियम दोन्ही अधिक असतील तर क्षारयुक्त-चोपण. फुगणाऱ्या काळ्या मातीत सोडियमचे अनिष्ट परिणाम १५ टक्क्यांच्या बरेच आधी दिसू लागतात, त्यामुळे ही मर्यादा येथे ढोबळ समजावी.

क्षारयुक्त जमिनीच्या पृष्ठावर पांढरा थर येतो, तर चोपण जमिनीवर बरेचदा काळसर डाग पडतात. या काळेपणाचे कारण मातीतील ह्युमिक आम्ले हे होय. त्यांच्यावरही कार्बोक्सिलेट गट असतात. म्हणजे ती निसर्गनिर्मित विद्युतभारित बहुवारिकेच होत. (ती एकेक लांब साखळी नसून लहान रेणूंचे सैल समूह असावेत, असे अलीकडील मत आहे; भाराच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही.) कॅल्शियमच्या सान्निध्यात ती आकसून मातीला चिकटून राहतात. अल्कधर्मी, सोडियमयुक्त पाण्यात ती विरघळतात, बाष्पीभवनाबरोबर वर येतात आणि पृष्ठभागावर काळा थर सोडतात. जमिनीचा सेंद्रिय ठेवाच तेथे वाहून वर आलेला असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. क्षारयुक्त-चोपण जमिनीत सोडियम भरपूर असूनही ती काही काळ बरी दिसते, पाणी बऱ्यापैकी मुरते. याचे कारण द्रावणातील क्षाराची एकूण संहतीच इतकी अधिक असते की सोडियमयुक्त चादरींभोवतीचा ढगही दबलेला राहतो. अशा जमिनीस कृष्णेचे गोडे, अल्पक्षारी पाणी भरपूर दिले किंवा वळवाचा जोरदार पाऊस झाला की द्रावणातील क्षार धुतला जातो, परंतु चादरीवर बसलेला सोडियम तेवढ्या वेगाने निघत नाही. पडदा गेला, सोडियम मागे राहिला. ढग पसरतो, चादरी सुटतात व निचरा बंद पडतो. क्षार काढण्याच्या प्रयत्नात जमीन चोपण होते ती अशी. जे. पी. क्वर्क व आर. के. स्कोफील्ड यांनी १९५५ साली प्रत्येक सोडियम-प्रमाणासाठी मातीची रचना टिकविण्यास आवश्यक अशी किमान क्षारसंहती असते, हे प्रयोगाने दाखविले. ज्या पाण्याला शेतकरी उत्तम म्हणतो, तेच अशा जमिनीला घातक ठरू शकते, हे समजावून सांगणे सोपे नाही. पण त्यावाचून सुधारणेचा खर्च वाया जातो.

जिप्समचे महत्त्व येथे आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. शुद्ध पाण्यात ते लिटरला सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. ते दोन कामे करते : धुण्याच्या पाण्यात क्षाराची किमान संहती राखते आणि चादरीवरील सोडियमच्या जागी कॅल्शियम बसविते. सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने निचऱ्यावाटे बाहेर जावा लागतो. किती जिप्सम लागेल याचा हिशेब करता येतो. वरच्या १५ सेंटिमीटर थरातील दर १०० ग्रॅम मातीमागे १ मिलितुल्य सोडियम हटविण्यास हेक्टरी सुमारे १.७ टन शुद्ध जिप्सम लागते. उदाहरणार्थ, ५० मिलितुल्य विनिमयक्षमतेच्या काळ्या मातीत सोडियम २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणावयाचा असल्यास ५ मिलितुल्य हटवावे लागतील, म्हणजे साडेआठ टनांच्या आसपास जिप्सम. एकरी दोन-चार पोती टाकून समाधान मानण्याच्या प्रघातास या आकड्यासमोर फारसा अर्थ उरत नाही. माती परीक्षणाशिवाय मात्रा ठरविणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय.

अर्थात सोडियमला बाहेर जाण्यास वाटच नसेल तर जिप्समही निरुपयोगी आहे. म्हणून सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने क्षारपड जमिनींवर केलेल्या कामात जमिनीखाली सच्छिद्र पाईप पुरून केलेल्या भूमिगत निचऱ्याला महत्त्वाचे स्थान आहे. सुधारणेचा क्रम निचरा, मग जिप्सम, मग पाणी देऊन धुणे आणि शेवटी धैंचा वा तागाचे हिरवळीचे खत असा असावा लागतो. क्रम उलटला तर रसायनशास्त्र साथ देत नाही.

शंका असल्यास शेतातच एक साधी चाचणी करता येते. काचेच्या दोन बाटल्यांत पावसाचे स्वच्छ पाणी घेऊन प्रत्येकीत त्याच शेतातील मूठभर वाळलेली माती टाकावी. एकीत चमचाभर जिप्सम घालून दोन्ही चांगल्या हलवाव्यात. दुसऱ्या दिवशी जिप्समच्या बाटलीतील पाणी निवळलेले व दुसरीतील पाणी गढूळच राहिलेले दिसल्यास मातीत सोडियमचा उपद्रव आहे असे समजावे. ही चाचणी प्रयोगशाळेतील परीक्षणाची जागा घेत नाही. परीक्षण करून घेण्याची निकड मात्र पटवून देते.

साखर कारखान्यातील क्लॅरिफायर

उसाचा ताजा रस आम्लधर्मी व गढूळ असतो. चुन्याची निवळी व गंधकाचा धूर यांची प्रक्रिया करून रसाचा सामू सातच्या आसपास आणला जातो आणि रस उकळबिंदूपर्यंत तापवून क्लॅरिफायरमध्ये सोडला जातो. रसातील फॉस्फेट व चुन्यातील कॅल्शियम यांच्यापासून बनलेला साका तळाशी बसताना माती, मेण व इतर मळ बरोबर घेतो. हे सूक्ष्म कण लवकर बसावेत म्हणून रसात दशलक्ष भागांस काही मोजके भाग इतक्या अल्प मात्रेत ऋणभारित पॉलिअक्रिलामाइड घालतात. याच्या साखळीतील काही गट ॲमाइडचे व काही कार्बोक्सिलेटचे असतात. ऋणभारित साखळी ऋणभारित कणांना चिकटते ती मधल्या कॅल्शियममुळे. एक साखळी अनेक कणांना एकत्र ओढते व मोठी गुठळी बनते.

एका साखळीने अनेक कण गाठावेत यासाठी ती ताणलेली हवी. भुकटी विरघळविण्याचे पाणी कठीण असेल, तर कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साखळ्या उलगडण्यापूर्वीच आकसतात. द्रावण पातळ दिसते. मात्रा तीच असूनही गुठळ्या बारीक राहतात. म्हणजे जो कॅल्शियम क्लॅरिफायरमध्ये अत्यावश्यक, तोच विरघळविण्याच्या टाकीत त्याज्य. त्यामुळे सौम्य पाणी वापरणे, पुरेसा वेळ देणे व साखळ्या तुटू नयेत म्हणून मंद गतीने ढवळणे या तीन गोष्टींना केमिस्ट जे महत्त्व देतात, ते केवळ पुस्तकी नव्हे. तळाशी बसलेला गाळ गाळून मिळणारे प्रेसमड कॅल्शियमयुक्त असते. गंधक-प्रक्रियेच्या कारखान्यातील प्रेसमड चोपण जमिनीच्या सुधारणेस उपयोगी पडते, हा या वर्तुळातील एक सुखद योगायोग म्हणावा लागेल.

अवर्षणग्रस्त भाग आणि हायड्रोजेल

भारित साखळ्या जागोजागी एकमेकींना कायमच्या बांधल्या तर त्या विरघळू शकत नाहीत, फक्त फुगतात. अमेरिकन कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात स्टार्चवर आधारलेले अतिशोषक बनविण्यात आले. पुढे बाळांच्या डायपरमध्ये पॉलिअक्रिलेट सर्रास आले. भारतात नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेले 'पुसा हायड्रोजेल' विकसित केले. शुद्ध पाण्यात वजनाच्या किमान ३५० पट पाणी शोषण्याची क्षमता व हेक्टरी २.५ ते ५ किलो अशी मात्रा त्यासाठी सांगितली जाते.

फुगण्यामागील मुख्य बल परासरणाचे आहे. जेलमधील प्रतिआयन बाहेर जाऊ शकत नाहीत, कारण विद्युत उदासीनता राखावी लागते. त्यामुळे पाणीच आत ओढले जाते. फ्रेडरिक डोनन यांच्या १९११ च्या समतोल सूत्राने क्षाराचा परिणाम मोजता येतो. २०० पट पाणी घेतलेल्या पॉलिअक्रिलेट जेलमध्ये लिटरमागे सुमारे ०.०५ मोल स्थिर भार असतात. संघननाचा विचार क्षणभर बाजूला ठेवल्यास बाहेर शुद्ध पाणी असता परासरण दाब सुमारे १.२ वातावरण येतो. बाहेर ०.०५ मोल साधा क्षार असल्यास तो ०.३ वातावरणाच्याही खाली येतो, कारण आता बाहेरही आयनांची गर्दी असते व आत-बाहेरचा फरक उरत नाही. ०.०५ मोल ही संहती ४ डेसिसिमेन वाहकतेच्या, म्हणजे क्षारयुक्त जमिनीच्या सीमेवरील द्रावणाशी मिळतीजुळती आहे. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात डायपरमधील जेल शेकडो पटींऐवजी काही दशक पटच पाणी घेते, हे सर्वपरिचित आहे. कॅल्शियम असेल तर नुकसान मोठे होते. साखळ्यांत नव्या गाठी पडतात व पुढे गोडे पाणी मिळाले तरी जेल पूर्ववत फुगत नाही. ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट देणाऱ्या द्राक्ष व डाळिंब बागायतदारांनी ही बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. ज्या जेलमध्ये भारित गट कमी व भारविरहित गट अधिक, ती क्षारापुढे कमी आकसतात. मात्र शुद्ध पाण्यातील त्यांची शोषणक्षमताही मुळात मर्यादित असते.

जाहिरातीतील 'शेकडो पट' या शब्दांपुढे आणखी एक हिशेब मांडणे उचित होईल. हेक्टरी ५ किलो जेलने ३५० पट पाणी धरले तर ते १,७५० लिटर होते. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी मिळते. म्हणजे एका वेळी धरलेले पाणी पावणेदोन दशांश मिलिमीटर पावसाइतके आहे. माण वा जतच्या माळावर जेल पसरून टाकणे त्यामुळे व्यर्थ आहे; ते बियाण्याच्या ओळीत, मुळाच्या लगत पडले तर उगवणीच्या नाजूक दिवसांत या थोड्या ओलीला काही किंमत असते. खारट विहिरीच्या पाण्यात ५० पटच फुगले तर तीही ओल सातव्या हिश्श्यावर येते.

टेंभू व म्हैसाळ योजनांमुळे पूर्व भागातील काही शिवारांत आता कृष्णेचे पाणी पोचले आहे, तर शेजारीच कूपनलिकेच्या कठीण पाण्यावर बागा उभ्या आहेत. एकाच गावात दोन प्रकारचे पाणी असताना जेलच्या पिशवीवरील एकच आकडा दोघांना लागू पडणार नाही. खरेदीपूर्वी एक ग्रॅम जेल एक लिटर पावसाच्या पाण्यात व एक ग्रॅम स्वतःच्या विहिरीच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे, सकाळी पातळ कापडावर निथळून दोन्ही वजने घ्यावीत आणि विहिरीच्या पाण्याचे वजन प्रमाण मानून मगच खर्चाचा विचार करावा.